कोणाचं संकट, कोणाची भिंत

१९९२-९३च्या दंगलींत मुंबई होरपळत असताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे छायाचित्रकार होशी जाल यांनी एक छायाचित्र टिपलं. रस्त्यावर एक माणूस मरून पडला आहे आणि त्याच्याजवळ कोणीही नाही. वर्तमानपत्रातल्या इतर छायाचित्रांसारखंच तेही दुसऱ्या दिवशी रद्दीत गेलं असतं. चित्रकार विवान सुंदरम यांनी ते उचललं आणि १९९३मध्ये त्याभोवती ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प उभं केलं. त्यात तेच छायाचित्र वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतं. कुठे त्या देहावर खिळे ठोकलेले आहेत, ते इतके दाट की खालचा माणूस जवळजवळ झाकला गेला आहे. वाटेवर पत्र्याच्या ट्रंकांची कमान आहे. घर सोडून निघणारा माणूस डोक्यावर घेतो तसल्याच या ट्रंका. पुढे काचेखाली एक पडलेली मानवाकृती आहे. बघणारा त्या मृताच्या जवळ जातो, पण तो देह बघण्याची त्याची हौस काही भागत नाही. रस्त्यावर ज्याच्या अंगावर चादर घालायला कोणी आलं नाही, त्याच्यावर चित्रकाराने खिळ्यांचं का होईना, पांघरूण घातलं.

आता २०२२ सालच्या बर्लिनमध्ये येऊ. बाराव्या बर्लिन बिएनालेचे क्युरेटर होते कलावंत कादर आतिया. वसाहतवादाच्या जखमा आणि त्यांची दुरुस्ती हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास आणि तोच या प्रदर्शनाचाही गाभा. त्यात ज्यां-जाक लेबेल या ज्येष्ठ फ्रेंच कलावंताचं एक काम होतं. अबू गरीबच्या तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी इराकी कैद्यांची विटंबना करताना जी छायाचित्रं काढली, तीच प्रचंड मोठी करून त्यांचा चक्रव्यूह रचला होता. जवळच इराकी कलावंतांची कामं लावलेली होती. आपलं काम कशाच्या शेजारी लागणार आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. छायाचित्रांतल्या कैद्यांना तर काही विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नव्हता. या कलावंतांसोबत दीर्घकाळ काम केलेल्या रिजिन साहाकियान यांनी जाहीर पत्र लिहून विचारलं की, छळ झालेल्यांच्या संमतीवाचून त्यांची नग्न छायाचित्रं पुन्हा भिंतीवर लावण्याचा अधिकार कोणाला आहे? सज्जाद अब्बास, राएद मुतार आणि लैथ करीम यांनी प्रदर्शन चालू असतानाच आपली कामं काढून घेतली.

दोन्हीकडे कच्चा माल एकच होता, हिंसेचा बळी ठरलेल्या माणसाचं छायाचित्र. हेतूही सारखाच होता, घडलेलं विसरू द्यायचं नाही. लेबेल यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही एका कामात मृताची अब्रू राखली गेली आणि दुसऱ्यात जिवंत माणसांची अब्रू दुसऱ्यांदा उघड्यावर आली. बर्लिनमधल्या गोष्टीत चित्रकाराइतकीच जबाबदारी क्युरेटरची होती, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. कोणतं काम कोणत्या दालनात, कशाच्या शेजारी, कोणाला विचारून लावायचं, हे तोच ठरवतो. गेल्या काही वर्षांत संकट हा विषय घेऊन प्रदर्शनं उभी करणाऱ्या तरुण क्युरेटरांची एक पिढी आपल्याकडे तयार झाली आहे. तिच्या कामाची ओळख करून देताना बर्लिनची ही गोष्ट आधी सांगावीशी वाटली, कारण संकटावरच्या प्रत्येक प्रदर्शनाची परीक्षा इथेच होते. ज्याचं संकट आहे त्याला त्या प्रदर्शनात काय स्थान आहे? तो भिंतीवर आहे, भिंत उभारणाऱ्यांत आहे, की बघणाऱ्यांत? की यांपैकी कुठेच नाही?

आपल्याकडे या प्रश्नाला जुनी परंपरा आहे. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि त्यांनी पाहिलं ते शाईने रेखाटलं, शब्दांतही लिहिलं. त्याची पुस्तिका ‘हंग्री बेंगॉल’ मुंबईत छापली गेली. ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून ती पुढे अनेक दशकांनी पुन्हा छापता आली. चित्तप्रसाद नंतर मुंबईतच, अंधेरीत राहिले. त्यांच्या रेखाचित्रांतली माणसं उपाशी असली तरी बहुतेकदा कोणीतरी आहेत. अनेकांची नावं, गावं, काय विकलं आणि कोण गेलं हे सगळं सोबत येतं. दुष्काळाचं चित्र काढताना दुष्काळग्रस्ताचं नाव लिहून घेणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पुढच्या कितीतरी प्रदर्शनांना ती जमलेली नाही.

बाबरी मशीद पडल्यानंतरच्या वर्षी ‘सहमत’ने ‘हम सब अयोध्या’ हे प्रदर्शन केलं. रंगकर्मी सफदर हाश्मींच्या हत्येनंतर १९८९मध्ये उभी राहिलेली ही संस्था. छापील मजकूर आणि चित्रांच्या पॅनेलांमधून अयोध्येचा बहुरंगी इतिहास सांगायचा, आणि तो दिल्लीइतकाच खुद्द फैजाबाद-अयोध्येत सांगायचा, असा तो बेत होता. १९९३च्या ऑगस्टमध्ये फैजाबादला त्या प्रदर्शनावर हल्ला झाला. रामकथेच्या बौद्ध परंपरेतल्या रूपाचा उल्लेख असलेल्या एका पॅनेलवरून संसदेपर्यंत गदारोळ माजला आणि दिल्लीत पोलिसांनी पॅनेलं जप्त केली. भिंतीवरचा मजकूर म्हणजे चित्राखालची किरकोळ चिठ्ठी असं समजणाऱ्या प्रत्येक नव्या क्युरेटरने हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

पण त्या काळातलं जे काम मला सर्वांत जवळचं वाटतं ते रुम्माना हुसेन यांचं. दंगलीच्या दिवसांत त्यांच्या कुटुंबाला मुंबईतलं घर काही काळ सोडावं लागलं होतं. त्याआधी त्या कॅनव्हासवर रंगवीत. त्यानंतर त्यांनी मातीची मडकी घेतली, फोडली आणि जमिनीवर मांडली, आरशावर, गेरूसोबत. फुटक्या मडक्याचा अर्धगोल बघता बघता घुमटासारखा दिसू लागतो, आणि तितकाच तो गर्भाशयासारखा, स्वयंपाकघरातल्या रोजच्या भांड्यासारखाही असतो. वाकून बघावं तर आरशात आपलाच चेहरा त्या खापऱ्यांमध्ये येतो. मृतदेह नाही, आग नाही, तलवार नाही. १९९४मध्ये हे काम जहांगीर कलादालनात लागलं. पुढच्याच वर्षी त्या मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात पायांत घुंगरू बांधून, हातात अर्धी कापलेली पपई धरून, आ वासून पण आवाज न काढता चालल्या. १९९९मध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं. स्वतःवर ओढवलेलं संकट त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरातल्या वस्तूंनी मांडलं. म्हणून त्यात परक्याच्या दुःखाकडे टक लावून बघण्याचा भाग उरतच नाही. नवज्योत अल्ताफ, नलिनी मलानी यांनीही त्याच वर्षांत कॅनव्हासची चौकट ओलांडली. त्या दशकातल्या मुंबईच्या कलेचं एकत्रित दर्शन गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी २००१मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या ‘सेंचुरी सिटी’ प्रदर्शनात घडवलं. आजचे बहुतेक तरुण क्युरेटर या दोघांचं लेखन वाचूनच या वाटेला लागले आहेत.

ही तरुण मंडळी आली कुठून? मुंबईच्या मोठ्या गॅलऱ्यांच्या दिवाणखान्यातून नव्हे, एवढं नक्की. कुलाब्यात रीगल सिनेमाजवळच्या एका जुन्या कचेरीच्या जागेत २०१०मध्ये क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह सुरू झालं. जाशा कोला त्याच्या संस्थापकांपैकी एक. जे. जे.सारख्या सरकारी महाविद्यालयांतून निघालेली, इंग्रजी सफाईने न बोलणारी, गिरणगावातून, चाळींतून आणि जिल्ह्याच्या गावांतून आलेली मुलं तिथे जमत. २०१२मध्ये तिथे प्रभाकर पाचपुते यांचं ‘कॅनरी इन अ कोल माइन’ झालं. पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या कोळसा खाणीची नोकरी. त्यांनी कोळशानेच थेट भिंतीवर चित्रं काढली. खाणीत उतरणारे, शेत गमावलेले, डोक्याच्या जागी दिवा किंवा यंत्र आलेले लोक त्या भिंतींवरून चालत होते. विषय कोळसा, साधनही कोळसा, आणि काढणाऱ्याच्या घरातला पगारही कोळशाचा. भिंतीवर काढलेलं चित्र खरेदीदाराला काढून नेता येत नाही. प्रदर्शन संपलं की त्यावर रंगाचा हात फिरतो. विकली जाणार नाही अशी गोष्ट दाखवायला भिंत देणं हा क्युरेटरचा निर्णय असतो, आणि तो निर्णय तरुण माणसं अधिक मोकळेपणाने घेतात, असा माझा अनुभव आहे. पाचपुते पुढे आर्टेस मुंडी या वेल्समधल्या पारितोषिकाचे इतर पाच कलावंतांसह मानकरी झाले. जाशा कोला यांनी २०२५च्या तेराव्या बर्लिन बिएनालेचं संयोजन केलं. दडपशाहीखाली कला कशी निसटते, एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हा त्या प्रदर्शनाचा शोध होता, आणि एक जुनं न्यायालय त्याच्या स्थळांपैकी एक होतं.

दुसरी वाट कोचीहून आली. कोची-मुझिरिस बिएनाले २०१२मध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू दोघेही जे. जे.चे. पुढच्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४पासून, तिच्यासोबत स्टुडंट्स बिएनाले भरू लागली. तरुण क्युरेटरांनी देशभरातल्या सरकारी कला महाविद्यालयांत जायचं, तिथल्या मुलांशी बोलायचं, काम निवडायचं आणि कोचीला आणून मांडायचं, अशी ती रचना. अनेकांना देशातली कला महाविद्यालयं आतून बघायला मिळाली ती तेव्हाच. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, जुने अभ्यासक्रम, ओल आलेली वसतिगृहं आणि त्यातच काम करणारी हुशार मुलं. संकट या विषयावर प्रदर्शन करायला निघालेल्यांना आपण स्वतः ज्या व्यवस्थेत शिकलो तिचंच संकट समोर दिसलं. दिल्लीच्या खोज संस्थेने मॅक्सम्युलर भवनाच्या साथीने नव्या क्युरेटरांसाठी चालवलेलं प्रशिक्षण आणि मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा अभ्यासक्रम यांनीही या पिढीला बळ दिलं. पण या सगळ्यांनी मिळून पोटाचा प्रश्न सुटत नाही. तरुण क्युरेटर वाहतुकीचं भाडं ठरवतो, विम्याचे कागद भरतो, सुतार आणि इलेक्ट्रिशियनबरोबर रात्र काढतो, कॅटलॉगचा मजकूर लिहितो, आणि मानधनाची गोष्ट सर्वांत शेवटी निघते. पैसा परदेशी सांस्कृतिक संस्था, खासगी प्रतिष्ठानं किंवा गॅलऱ्या यांच्याकडूनच यायचा. कोणतं संकट दाखवण्याजोगं, हे मग पुष्कळदा अनुदानाच्या अर्जावरच ठरतं. हवामानबदलाला आज दारं उघडी आहेत. जातीला अजूनही थांबावं लागतं.

प्रभाकर कांबळे यांनी त्या दारावर जोरात थाप दिली. कोल्हापूरकडचे हे चित्रकार-शिल्पकार क्युरेटरचंही काम करतात. त्यांच्या ‘उतरंड’ या शिल्पमालेत मडकी एकावर एक रचलेली असतात. ज्याच्या आजीच्या घरात उतरंड होती त्या प्रत्येक मराठी माणसाला सगळ्यात खालच्या मडक्याचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. वरचं भरलेलं असो की रिकामं, खालच्याला भार चुकत नाही, आणि त्याला मधून काढता येत नाही. जातीची उतरंड हा शब्दप्रयोग आपण लेखांत आणि भाषणांत इतका वापरला की तो गुळगुळीत झाला होता. कांबळे यांनी त्याला पुन्हा मातीचं वजन दिलं. २०२२च्या त्याच बर्लिन बिएनालेत हे काम होतं, आणि गोव्याच्या मयुरी चारी यांचं शेणाने थापलेलं, स्त्रीच्या देहावरच्या मालकीला नकार देणारं कामही होतं.

करोनाच्या काळात कांबळे यांनी ‘ब्रोकन फूट’ हे ऑनलाइन प्रदर्शन संयोजित केलं. पायी गावाकडे निघालेले मजूर आणि त्यांच्या चालण्यामागची जुनी विषमता हा त्याचा विषय. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि रस्त्यारस्त्यांवर माणसांच्या रांगा लागल्या. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून ते भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांची छायाचित्रं त्या दिवशी सगळीकडे फिरली. त्यानंतर कितीतरी चित्रं, शिल्पं, कविता त्या भाकऱ्यांवर आल्या. त्यातल्या बऱ्याच मला सहन झाल्या नाहीत, हे इथे सांगायला हवं. ज्यांच्या डब्यातली ती भाकरी होती त्यांचं गाव, त्यांचा ठेकेदार, त्यांच्या चालण्याचं कारण यांपैकी कशाचीही दखल न घेता फक्त भाकरी उचलली गेली होती. कांबळे यांचं प्रदर्शन मला वेगळं वाटलं, कारण त्याने त्या चालण्याचं मूळ टाळेबंदीच्या फार आधी शोधलं. गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस शहरातही भाडेकरूच राहतो आणि शहर बंद झालं की त्याला पहिल्यांदा बाहेर पडावं लागतं, हे सूत्र क्युरेटरने हातातून सुटू दिलं नाही. पडद्यावरचं प्रदर्शन हे खऱ्या दालनाची जागा घेऊ शकत नाही. पण त्या वर्षी दालनं बंद होती, आणि गॅलरीची पायरी कधीही न चढणाऱ्यांच्या फोनपर्यंत ते पोचू शकत होतं.

गोव्यातही त्याच काळात असंच काहीसं घडलं. मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प मंजूर झाले, तेव्हा लोकांना सभा घेता येत नव्हत्या. चित्रकारांनी जंगलातली फुलपाखरं, बेडूक, झाडं काढून ती समाजमाध्यमांवर, भिंतींवर, फलकांवर आणली. वैज्ञानिकांची माहिती आणि चित्रकारांचा हात यांची अशी गाठ क्वचितच पडते. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. न्यायालयाने निर्णय कागदपत्रांवर दिला, चित्रांवर नाही. पण मोले कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्या घरात ते जंगल चित्रांनी नेलं. त्या मोहिमेला क्युरेटर म्हणून कोणा एकाचं नाव लावता येणार नाही, आणि तरीही क्युरेटरच्या कामाचा तो उत्तम नमुना आहे.

संकट दाखवणाऱ्या संस्थाही संकटात असतात, हे सोडून पुढे जाता येत नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारा, मितभाषी, आपल्या पिढीचा अत्यंत मोठा चित्रकार. त्या समारंभात अमोल पालेकर स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडीत काढल्याबद्दल बोलू लागले आणि त्यांना व्यासपीठावरच वारंवार थांबवण्यात आलं. समितीत कोण असावं, वर्षाचं वेळापत्रक मुंबईत ठरावं की दिल्लीत, हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात. पण तरुण क्युरेटरला सरकारी भिंत मिळणार की नाही हे तिथेच ठरतं. बाहेरच्या देशांतही वेगळं चित्र नाही. कवी आणि क्युरेटर रणजित होस्कोटे यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या प्रदर्शनाच्या निवड समितीचा राजीनामा दिला. त्यांनी पूर्वी सही केलेल्या एका निवेदनावरून जर्मनीत वादळ उठलं होतं. पाठोपाठ उरलेली समितीही पायउतार झाली. जगातल्या सर्वांत मानाच्या प्रदर्शनाला काही काळ क्युरेटर निवडणारंच कोणी नव्हतं.

आता एक आग्रह, आणि तो मी सौम्य करणार नाही. शेतकरी आत्महत्या, दुष्काळ, गिरणगावची वाताहत, खाणी, सफाई कामगार अशा विषयांवर महाराष्ट्रातल्या तरुण क्युरेटरांनी केलेल्या प्रदर्शनांत मी गेलो की आधी भिंतीवरचा मजकूर बघतो. तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि तोही परदेशी विद्यापीठांतल्या परिभाषेत. कधी शेजारी मराठी असतंच, तर ते यंत्राने केल्यासारखं, शुद्धलेखनाची कोणी दखलही न घेतलेलं. ज्या बाईच्या नवऱ्याबद्दल ती भिंत बोलते आहे ती बाई तिथे आली तर तिला काय वाचता येईल, हा प्रश्न प्रकाशयोजनेइतकाच प्रदर्शनाच्या रचनेतला आहे. मजकूर आधी मराठीत लिहा, कलावंताला वाचून दाखवा, त्याच्या आईला वाचून दाखवा. मग इंग्रजी करा. अमोल के. पाटील यांच्यासारख्या कलावंताच्या आजोबांचे पोवाडे आणि वडिलांची नाटकं ही त्याच्या कामाची मुळं आहेत. त्याच्याबद्दल मराठीत चार धड परिच्छेद लिहिता न येणं ही क्युरेटरच्या तयारीतली उणीव आहे.

आणि मुंबईबाहेर पडा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयं दिल्ली, मुंबई आणि बंगळुरू अशी तीनच. आपल्या राज्यात मुंबईतल्या काळा घोडा परिसरापलीकडे समकालीन कला बघायची तर माणसाने जायचं कुठे? ठाण्यात अनेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रं काढलेल्या सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९च्या सुमाराला समकालीन भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं. मूळ चित्रं, फोटो नव्हेत. ज्या बोधी आर्ट गॅलरीने त्याला पाठबळ दिलं ती जागतिक मंदीच्या फटक्यात लवकरच बंद पडली. तेवढ्या प्रमाणावर तसा प्रयत्न पुन्हा झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो तरुणांनी करावा, लहान प्रमाणावर करावा, आणि कोट्यवधींच्या विम्याची गरज नसलेल्या कामांनी करावा. भिंतीवर कोळशाने काढणाऱ्याला विमा लागत नाही.

राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी कला महाविद्यालयं आहेत. त्यांच्याकडे मोठे वर्ग आहेत, उंच भिंती आहेत आणि मे-जूनमध्ये त्या रिकाम्या असतात. एका क्युरेटरने एका सुट्टीत एक भिंत मागावी. विषय त्या जिल्ह्यातला असावा, काम करणाऱ्यांत तिथली मुलं असावीत, मजकूर मराठीत असावा, आणि उद्घाटनाची वेळ शिफ्ट सुटल्यावरची ठेवावी.